साडेसातशे मिली

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद देवघरात आहे, कुंकवाच्या करंड्याखाली :
दिवसाला साडेसातशे मिली. चहा, वरण, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून.
आईनं लिटरच्या रिकाम्या बाटलीवर
माझ्या लग्नातल्या उरलेल्या नेलपॉलिशनं
रेघ मारलीय.
रेघेच्या वरचं पाणी अण्णांचं नाही.

मंगळवारी नि शुक्रवारी नांदेड.
लोह्याहून पहाटेची एस.टी.,
मग चार तास मशीन,
रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन माघारी येतं
आणि अण्णा खिडकीकडं बघत राहतात
कुणाची तरी वाट बघितल्यासारखे.
रात्री ओठांवर ओला फडका.
बर्फाचा एक खडा. तोही वहीत मांडायचा.

फाट्यावरचं पंक्चरचं दुकान पाच महिने बंद आहे.
कॉम्प्रेसर विकला, जॅक विकले,
ट्यूब तपासायचं घमेलंसुद्धा कुणीतरी नेलं.
रांजण तेवढा आहे शटरसमोर, पत्र्याच्या सावलीत,
गोणपाट गुंडाळलेला, रोज भरलेला.
बोअर आटल्यापासून जारचं पाणी :
दोन जार, चाळीस रुपये,
महिन्याचे बाराशे.
मी बोलले. आकडे मांडून बोलले.
बाराशेत रक्त वाढायचं इंजेक्शन येतं अण्णा,
आणि गडू तीनदा चोरीला गेलाय,
निदान साखळी तरी लावा.

अण्णांनी ऐकून घेतलं.
मग आईला म्हणाले, बाजारात गेलीस तर
एक गडू आण. जरा मोठ्या तोंडाचा.

एप्रिलातली दुपार. खुर्चीत अण्णा,
पाय सुजलेले, बोटानं दाबलं की खड्डा तसाच राहणारे.
हैदराबादकडं जाणाऱ्या ट्रकमधून क्लीनर पोरगा उतरला,
गडू बुडवला, मान मागं टाकली
आणि पीतच राहिला.
हनुवटीवरून, गळ्यावरून, बनियनवरून पाणी,
कंठाचा मणी वर-खाली, वर-खाली.
अण्णा त्या मण्याकडं बघत होते.
मी अण्णांकडं.
त्यांनी कोरडाच एक आवंढा गिळला
आणि म्हणाले,
सावकाश रे लेकरा, ठसका लागंल.
आणखी घे.

मला वाटतं त्याच दिवशी मी ठरवलं.
रागानं की मायेनं, अजून नीट सांगता येत नाही.
दुसऱ्या दिवशी मोईजला फोन केला, जार नको टाकूस,
घरात दुखणं आहे, परवडत नाही.
तो हाव ताई म्हणाला.
अण्णांना सांगितलं, गाडीच आली नाही त्याची.

उन्हं चढल्यावर एक बाई आली,
डोक्यावर बोचकं, कडेवर पोर.
झाकण उचललं. आत वाकून बघितलं.
गडू तळाला लागल्याचा आवाज घरात आला.
मग तिनं झाकण होतं तसं बसवलं,
गडू पालथा घातला,
आणि दारात उभ्या माझ्याकडं बघून,
जणू चूक तिचीच,
म्हणाली, असू द्या बाई.
ऐकलंय मी. तुमच्याच घरी दुखणं हाय.

पोर रांजणाकडं हात करत होतं.
मोईजचा फोन लागेना.
मी आतून कळशी आणली, आमच्या पिण्याची,
आधी पोराला पाजलं, मग तिला,
उरलेली रांजणात ओतली.
चार बोटं पाणी झालं असेल.
अण्णा भिंतीकडं तोंड करून झोपलेले.
किंवा झोपलेले नसतील.

शुक्रवारी काट्यावर वजन भरलं दोन किलो आठशे जास्त.
सिस्टर चिडल्या,
कितीदा सांगायचं काका, पाणी पिलात ना?
मी वही काढली. रेघ, वाट्या, बर्फाचा खडा,
सगळं लिहिलेलं होतं.
अण्णा सुई टोचून घ्यायला बाही वर करत
लाजल्यासारखे हसले.
पिलो नाही सिस्टर, म्हणाले,
नुसतं बघितलं.